पाहिलेला चंद्र आणि ऐकलेला चंद्र



एखादे विधान खरे असेल, तर ते करणारा माणूस खरे बोलला असेच म्हणायचे का? प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. विधान खरे, म्हणजे बोलणाराही खरा. यात विचार करण्यासारखे काय आहे? पण घरगुती दुर्बिणीतून चंद्राच्या विवरांचे छायाचित्र काढू लागलात की हाच प्रश्न अवघड होऊन समोर येतो. आणि तिथून तो सरळ आपल्या सत्संगापर्यंत, आपल्या ध्यानाच्या आसनापर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून आधी थोडा वेळ गच्चीवर जाऊ या, मग आसनावर परत येऊ.

गच्चीवर काय घडते

चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे. साध्या डोळ्यांना त्यावर जे काळसर डाग दिसतात, ज्यांत कुणाला ससा दिसतो तर कुणाला हरीण, ती विवरे नाहीत. ती फार प्राचीन काळी पसरून थिजलेल्या लाव्ह्याची मैदाने आहेत. विवरे पाहायला दुर्बीण लागते, पण फार मोठी नाही. सहा इंची आरशाची दुर्बीण असली तरी शेकडो विवरे दिसतात. मग तुम्ही नाशिकला असा, इंदूरला असा किंवा बडोद्याला. चंद्र सगळीकडे तोच आहे.

विवरे पाहायची तर पौर्णिमा उत्तम, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात पौर्णिमेला ती सर्वांत कमी उठून दिसतात. त्या रात्री सूर्याचा प्रकाश आपल्या पाठीमागून सरळ चंद्रावर पडतो, त्यामुळे आपल्याला सावल्या दिसत नाहीत, आणि सावली नसेल तर खोली कळत नाही. विवरे पाहायला शुक्ल पक्षाची अष्टमी आणि तिच्या आसपासच्या तिथी चांगल्या. त्या दिवसांत चंद्रावरची उजेड आणि अंधार यांची सीमा आपल्या समोर असते. तिथे सूर्य नुकताच उगवत असतो, सावल्या लांब पडतात आणि विवराची कड, आतला उतार, मधला डोंगर सगळे स्पष्ट दिसते. षष्ठीच्या सुमारास थिओफिलस, नवमीच्या सुमारास टायको, दशमीच्या सुमारास सुमारे ९३ किलोमीटर रुंदीचे कोपर्निकस. ही सीमा चंद्राच्या विषुववृत्तावर तासाला सुमारे १५ किलोमीटर सरकते, म्हणजे सायकलवर निवांत जाणाऱ्या माणसाच्या वेगाने.

आता छायाचित्राकडे येऊ. दुर्बिणीला कॅमेरा लावून एक फोटो काढला, तर तो बहुधा धूसर येतो. दोष दुर्बिणीचा नसतो, मधल्या हवेचा असतो. चंद्राचा प्रकाश आपल्या वातावरणातून येतो आणि ती हवा सतत हलत असते. त्यात दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो, त्यामुळे दुर्बिणीसमोरची हवा आणखी थरथरते. आरसाही बाहेरच्या तापमानाला यायला वेळ घेतो. म्हणून जाणकार लोक दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधीच बाहेर मांडून ठेवतात, आणि चंद्र आकाशात उंच येईपर्यंत थांबतात.

मग ते एक फोटो काढत नाहीत, काही मिनिटांचा व्हिडिओ घेतात. त्यात हजारो फ्रेम असतात. त्यांतल्या बहुतेक डळमळत्या हवेत पुसट झालेल्या असतात, पण मधूनच एखादा क्षण हवा स्थिर असते आणि ती फ्रेम स्वच्छ येते. ऑटोस्टॅकर्टसारखे सॉफ्टवेअर या सगळ्या फ्रेम तपासून सर्वांत स्पष्ट अशा दहा-वीस टक्के निवडते आणि त्या अचूक एकावर एक रचते. चारशे फ्रेम रचल्या तर नॉइज एका फ्रेमच्या विसाव्या हिश्श्यावर येतो. शेवटी रजिस्टॅक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राच्या कडा थोड्या धारदार केल्या जातात. तेव्हा कुठे ते चित्र तयार होते, जे पाहून आपण म्हणतो, “काय सुंदर आहे!”

इथे एखादा साधक विचारील, हजारो फ्रेम टाकून देऊन मोजक्या ठेवल्या, मग वर त्यांना धार लावली, ही फसवणूक नाही का? मला वाटते, नाही. पण दोन अटींवर. पहिली अट अशी की निवड कशाच्या आधारे झाली ते पाहावे. स्पष्टता हा निकष असेल, तर आपण फक्त हवेचा अडथळा बाजूला करतो. आपल्याला जे हवे ते दिसणाऱ्या फ्रेम निवडल्या, तर मात्र आपण चंद्राच्या तोंडी आपले शब्द घालतो. दुसरी अट अशी की चित्रातला प्रत्येक तपशील चंद्रावरून आलेल्या प्रकाशातूनच आलेला असावा. धार जास्त लावली, तर कडांभोवती खोट्या पांढऱ्या रेषा उमटतात आणि सपाट जागी नसलेले खड्डे दिसू लागतात. ज्याला हात कुठे थांबवायचा ते कळते, त्याचेच चित्र विश्वासार्ह.

डॉक्टर विक्रम साराभाई यांच्या नावाचे एक छोटे विवर चंद्राच्या दर्शनी बाजूला आहे, सुमारे ८ किलोमीटर रुंदीचे. सप्तमीच्या सुमारास सहा इंची दुर्बिणीतून पाहिले तरी ते लहानच दिसते. समजा तुम्ही त्याचे छायाचित्र काढायला बसलात. हवा साथ देत नाही, जिथे विवर असायला हवे तिथे फक्त करडा पट्टा दिसतो. नकाशावरून तुम्हाला ठाऊक आहे की विवर तिथेच आहे. सॉफ्टवेअरची पट्टी थोडी आणखी सरकवली की तिथे एक ठिपका उमटेल. सरकवावी का? विवर तर खरोखरच तिथे आहे!

खरे चित्र, खोटी साक्ष

हा मोह आता यंत्रांनाही झाला आहे. मार्च २०२३ मध्ये एका मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यावरून जगभर चर्चा झाली. एका माणसाने चंद्राचे एक चित्र घेतले, ते मुद्दाम लहान करून इतके धूसर केले की त्यात एकही विवर उरले नाही, मग ते संगणकाच्या पडद्यावर दाखवून, खोलीतले दिवे बंद करून, लांबून त्या फोनने त्याचा फोटो काढला. फोनने काढलेल्या फोटोत विवरे होती. समोरच्या चित्रात जे नव्हतेच, ते फोटोत आले होते. कंपनीनेही स्पष्ट केले की समोर चंद्र आहे हे कॅमेरा ओळखतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तपशील ठळक करतो.

आता या घटनेकडे साधकाच्या नजरेने पाहा. चंद्र आपल्याला नेहमी जवळपास एकच बाजू दाखवतो. त्यामुळे फोनने भरलेली विवरे चुकीची नव्हती, चंद्रावर ती खरोखर आहेत. मग बिघडले काय? चित्र खरे आहे, कोणाचे नुकसान नाही, पाहणाऱ्याला आनंदच झाला. तरीही आपल्या आत काहीतरी खटकते. ते खटकणे योग्य आहे, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

छायाचित्र दोन गोष्टी सांगते. एक, “चंद्र असा आहे.” दुसरी, न बोलता, “हे मी पाहिले.” फोनच्या चित्रातली पहिली गोष्ट खरी होती, दुसरी खोटी होती.

कॉमर्सला ऑडिट शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही गोष्ट लवकर समजते. समजा वहीत दुरुस्तीच्या खर्चाची १८,५०० रुपयांची नोंद आहे. ऑडिटर व्हाउचर उघडून न पाहताच त्या नोंदीपुढे टिक करतो. पुढे कळते की खर्च खरोखर तेवढाच झाला होता. आकडा बरोबर निघाला, म्हणून टिक बरोबर ठरली का? नाही. टिकचा अर्थ “आकडा बरोबर आहे” एवढाच नसतो. “मी पुरावा पाहिला” असाही असतो. आकडा नशिबाने खरा निघाला, सही मात्र खोटीच राहिली. असा ऑडिटर शंभर वेळा बरोबर ठरेल आणि एकशे एकाव्या वेळी त्याच्या टिकवर विसंबलेली माणसे बुडतील.

पतंजलींनी प्रमाणे तीन सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान आणि आगम. म्हणजे स्वतः पाहिलेले, तर्काने जाणलेले आणि विश्वासू व्यक्तीकडून ऐकलेले. तिन्हींना त्यांनी प्रमाणाचे स्थान दिले, ऐकलेल्याला कमी लेखले नाही. पुढे यमांमधल्या सत्याचा अर्थ सांगताना व्यासभाष्य याच तिन्हींचा आधार घेते. जे जसे पाहिले, तर्काने जाणले किंवा ऐकले, तसेच ते मनात आणि वाणीत असावे, असा त्याचा आशय. भाष्यात आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे: वाणी असते ती आपला बोध दुसऱ्यापर्यंत पोहोचावा यासाठी. थोडे थांबून यावर विचार करा. बोध आपला असेल, तरच तो पोहोचेल. ऐकलेले ‘ऐकले’ म्हणून सांगितले, तर ऐकण्याचा बोध पोहोचतो. ऐकलेले ‘पाहिले’ म्हणून सांगितले, तर शब्द पोहोचतात, बोध पोहोचत नाही, आणि समोरच्याला ते कळतही नाही.

न चुकणारा साक्षीदार

फोनच्या चित्रात आणखी एक उणीव आहे, आणि ती जास्त गंभीर आहे. ते चित्र कधीच चुकू शकत नाही, म्हणून ते काही नवेही दाखवू शकत नाही.

२१ जानेवारी २०१९ रोजी खग्रास चंद्रग्रहण होते. भारतात तेव्हा दिवस होता, पण युरोप-अमेरिकेत अनेक हौशी निरीक्षक कॅमेरे लावून बसले होते. ग्रहणाच्या ऐन काळोखात चंद्राच्या कडेजवळ क्षणभर एक ठिणगी चमकली. एक लहानसा अशनी चंद्रावर आदळला होता. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वेळ टिकलेली ती चमक कितीतरी जणांच्या चित्रणात सापडली, कारण त्यांचे कॅमेरे समोर जे होते तेच टिपत होते. चंद्र कसा असतो हे आठवून चित्र रंगवणाऱ्या यंत्राने ती ठिणगी डाग समजून पुसून टाकली असती. शेकडो फ्रेम एकावर एक रचण्याच्या प्रामाणिक पद्धतीतही अशी क्षणिक चमक विरून जाते. म्हणून शहाणे निरीक्षक अंतिम चित्र तयार झाल्यावरही मूळ व्हिडिओ जपून ठेवतात.

समोर काहीही असले तरी जो तीच साक्ष देतो, त्याला साक्षीदार म्हणता येत नाही. तो पाठ केलेले म्हणत असतो.

आता आसनावर येऊ या

आपल्या सत्संगात ध्यान संपल्यावर अनेकदा विचारले जाते, “कसे वाटले?” आणि उत्तरे येतात: मन अगदी शांत झाले, खूप प्रकाश जाणवला, आनंदाची लहर आली. ज्यांना तो अनुभव आला त्यांनी तो अवश्य सांगावा. त्यातून इतरांना बळ मिळते. पण एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. समजा दोन महिन्यांपूर्वी वडील गेलेली एक मुलगी पहिल्यांदाच सत्संगाला आली आहे. वीस मिनिटे डोळे मिटून बसली, आणि त्या वीस मिनिटांत तिला फक्त दवाखान्यातली शेवटची रात्र दिसत राहिली. डोळे उघडले, तर शेजारची ताई म्हणते “परमशांती”, मागचे काका म्हणतात “नुसता आनंद”. तिची पाळी येते. ती काय म्हणेल? बहुतेक ती म्हणेल, “छान वाटले.” आणि घरी जाताना तिच्या मनात येईल की या सगळ्यांना जे मिळते ते आपल्याला मिळत नाही, आपल्यातच काही कमी आहे.

त्या ताई-काकांपैकी एकाने जरी तेव्हा खरे सांगितले असते की, “आज माझे मन सारखे ऑफिसातच होते, शांती आपले स्वरूप आहे असे गुरुजनांकडून ऐकले आहे, त्यावर माझा विश्वास आहे, म्हणून मी रोज बसतो,” तर? शब्द तितकेच श्रद्धेचे राहिले असते, आणि त्या मुलीला बोलायला जागा मिळाली असती. कदाचित ती रडली असती. सत्संग त्याच्यासाठीही असतो.

पाहा, “शांती हे आपले स्वरूप आहे” हे विधान खरे आहे यावर आपली श्रद्धा आहे. प्रश्न विधानाचा नाही, त्याच्या खाली केलेल्या सहीचा आहे. न पाहता सही केली की दोन नुकसाने होतात. ऐकणाऱ्याला त्याचा खरा अनुभव लपवावा लागतो. आणि बोलणाऱ्याचा स्वतःचा मार्ग बंद होतो, कारण जे मिळाल्याचे आपण जाहीर केले, ते कसे मिळवावे हे आता कोणाला विचारणार? धूसर चित्रात विवर रंगवून टाकले की पुन्हा गच्चीवर जायची गरजच वाटत नाही.

अनुवादाच्या सेवेत हा नियम रोज हाताशी लागतो. मूळ प्रवचनात “कदाचित” असेल, तर मराठीत “कदाचित”च हवे; वाक्य जास्त प्रभावी होईल म्हणून “निश्चितच” लिहायचे नाही. वक्ता “मी असे ऐकले आहे” म्हणत असेल, तर अनुवादाने त्यांना “मी अनुभवले आहे” म्हणायला लावू नये. भर घातलेला शब्द सिद्धान्ताशी जुळणारा असला तरी तो वक्त्याचा नसतो.

मग ऐकलेल्याचे काय करायचे?

यावर कोणी म्हणेल, मग स्वतः पाहिल्याशिवाय काही बोलूच नये का? शास्त्र, संतवचने, गुरूंचे शब्द, हे सगळे बाजूला ठेवायचे? तसे मुळीच नाही. या बाबतीत चंद्राच्याच इतिहासातले एक उदाहरण फार बोलके आहे.

इंग्लंडमधल्या थॉमस हॅरियट यांनी १६०९ च्या जुलैमध्ये दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढले, गॅलिलिओच्या काही महिने आधी. त्या चित्रात उजेड-अंधाराची खडबडीत रेषा आहे, काही काळे भाग आहेत, पण विवरे ओळखू येत नाहीत. प्रकाश त्यांच्या डोळ्यांत शिरला होता, पण त्याचा अर्थ लागला नव्हता. मार्च १६१० मध्ये गॅलिलिओचे ‘सिडेरिअस नुन्सिअस’ प्रसिद्ध झाले. त्यात सावल्यांवरून चंद्रावर डोंगर आणि खळगे असल्याचे सांगितले होते. त्यानंतरच्या हॅरियट यांच्या चित्रांत विवरे दिसू लागली. पुढे त्यांनी खुणांना क्रमांक देऊन चंद्राचा संपूर्ण नकाशा तयार केला.

शब्दाचे खरे काम हे आहे. तो आपल्याला कुठे पाहायचे ते सांगतो. श्रवणाशिवाय कित्येक गोष्टी डोळ्यांसमोर असूनही दिसत नाहीत. पण पुस्तक वाचून हॅरियट पुन्हा दुर्बिणीकडे गेले, हे विसरू नका. श्रवणानंतर मनन आणि निदिध्यासन का सांगितले आहे, ते यावरून कळते.

आणि पाहणाराही पूर्णपणे निर्दोष असतो असे नाही. गॅलिलिओच्या चित्रांत चंद्राच्या मध्याजवळ एक विवर प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठे काढलेले आहे. अभ्यासक बहुधा ते आल्बाटेग्निअस हे विवर मानतात. जे पाहून मन भारावले ते हाताने मोठे काढले. आपल्या अनुभवांचेही असेच होते. ध्यानातला एक निवांत क्षण सांगता सांगता अर्धा तास होऊन जातो. म्हणून “मी पाहिले” म्हणतानाही थोडी नम्रता हवी.

एक छोटा अभ्यास

या आठवड्यात एक गोष्ट करून पाहा. साधनेबद्दल, सेवेबद्दल किंवा दुसऱ्या कुणाबद्दल बोलताना वाक्याचे क्रियापद तपासा. “मी पाहिले”, “मला वाटते” आणि “मी ऐकले”, या तिन्हींतले जे खरे असेल तेच वापरा. विशेषतः दुसऱ्याच्या दोषांबद्दल बोलताना. तिथे आपण ऐकलेले फार लवकर पाहिलेले करून टाकतो, आणि ते पुढे खरे निघाले तरी आपली साक्ष खोटीच राहते. पहिले दोन दिवस बोलणे थोडे अडखळेल. आपण न पाहिलेले किती बोलतो हे लक्षात येईल. त्याचे वाईट वाटून घेऊ नका, फक्त नोंद घ्या.

आणि जमले तर येत्या शुक्ल अष्टमीला संध्याकाळी चंद्राकडे पाहा. दुर्बीण असेल तर उत्तमच, नाहीतर साधी द्विनेत्री घ्या आणि हात कठड्यावर टेकवा. उजेड-अंधाराच्या सीमेवर काही खळगे दिसतील, काही दिसणार नाहीत. घरातली मुले जवळ असतील तर त्यांना एका कागदावर चंद्र काढायला सांगा, तुम्हीही काढा. दिसले तेवढेच काढायचे. जिथे काही दिसले नाही तिथे कागद कोरा ठेवा. ती कोरी जागा हीसुद्धा खरी साक्ष आहे, आणि पुढच्या अष्टमीला पुन्हा पाहायचे कारणही.